गावच्या आराखड्यात वावर कुठं आहे?

आमच्याकडे मराठवाड्यात 2 ऑक्टोबरच्या आसपास काय चालू असतं ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, वरून परतीचा पाऊस डोक्यावर, मजूर मिळत नाहीत, मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो आणि घरातलं म्हातारं माणूस सुद्धा वावरात असतं. आणि नेमकं त्याच दिवशी गावच्या पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्याची ग्रामसभा असते. मग व्हायचं तेच होतं. कोरमसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं लागतात, ती येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही, म्हणून पुढच्या सभेत वीस-पंचवीस माणसांत अख्ख्या गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर होतो.

मी गेली काही वर्षं या सभांना ठरवून जातोय. एका वर्षी मंजूर झालेली कामं वहीत उतरवून घेतली. पेव्हर ब्लॉक दोन ठिकाणी, सभामंडपाची दुरुस्ती, हायमास्ट दिवा, गटार, शाळेला रंग, आरओ प्लांट. शेतीच्या रकान्यात एकच ओळ होती, शेतकरी प्रशिक्षण, आणि समोर अगदी किरकोळ रक्कम. ज्या गावात दहातली आठ घरं शेतीवर किंवा शेतमजुरीवर जगतात त्या गावाच्या आराखड्यात शेतीला एक ओळ. आणि ती ओळ सुद्धा मागच्या वर्षीच्या आराखड्यातून जशीच्या तशी उचललेली, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर कळलं.

म्हणून हा लेख लिहितोय. स्थानिक पातळीवर, म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथं शेतीसाठी जे नियोजन होतं त्याचा शेतकऱ्याला फायदा होतो का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. होऊ शकतो, काही गावांत झालाय आणि चांगला झालाय, पण बहुतेक ठिकाणी होत नाही कारण जे होतं त्याला नियोजन म्हणावं असं त्यात काही नसतं, ती कामांची आणि लाभार्थ्यांची यादी असते. नियोजन म्हणजे आपल्याकडे किती आहे ते मोजून कशाला किती द्यायचं आणि कशाला नाही म्हणायचं हे ठरवणं. यादीत नाही म्हणायची सोयच नसते.

आधी कायद्याचं बघू, कारण बरेच जण म्हणतात की ग्रामपंचायतीचा आणि शेतीचा काय संबंध, शेतीला वेगळं खातं आहे ना. संबंध आहे, आणि घटनेतच आहे. 1993 ला 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली, तिच्यासोबत अकरावी अनुसूची आली, पंचायतींकडे द्यायच्या 29 विषयांची. त्यातला पहिलाच विषय शेती आणि कृषी विस्तार. दुसरा जमीन सुधारणा आणि मृदसंधारण, तिसरा लघुसिंचन, पाणी व्यवस्थापन आणि पाणलोट, चौथा पशुपालन आणि दुग्धव्यवसाय. म्हणजे घटनादुरुस्ती करणाऱ्यांच्या डोक्यात गावची पंचायत ही आधी शेतीची संस्था होती, गटार आणि दिवाबत्ती नंतर. आपल्या महाराष्ट्रात तर याच्याही आधी, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून, आणि शेती हा जिल्हा परिषदेचा मोठा विषय मानला गेला होता.

मग बिघडलं कुठं? दोन ठिकाणी, पैशात आणि माणसात.

पैशाचं असं आहे की गावात जो मोठा निधी थेट येतो तो वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा. 2015 पासून चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे सरळ ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागले आणि आपल्या सरकारने 'आमचं गाव आमचा विकास' म्हणून आराखड्याची पद्धत सुरू केली. कल्पना खरोखर चांगली होती, मला आजही वाटतं. शिवारफेरी काढायची, नकाशा काढायचा, वंचित घटकांशी बोलायचं, मग आराखडा. नंतर पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी यातला 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे पगार आणि आस्थापना खर्च सोडून त्या 29 विषयांपैकी गावाला गरज वाटेल त्यावर खर्च करता येत होता. हे वाक्य परत वाचा. शेतीवर खर्च करायला कायद्याची आडकाठी नाहीये. तरी तो पैसा पेव्हर ब्लॉकमध्ये जातो. कारण पेव्हर ब्लॉकचं इस्टिमेट तयार असतं, गुत्तेदार तयार असतो, तांत्रिक मान्यता पटकन मिळते, मोजमाप सोपं, बिल लवकर निघतं आणि उद्घाटनाला फोटो चांगला येतो. बांधावरची माती अडवायचं काम असेल तर पाच शेतकऱ्यांची संमती घ्यायची, भावकीची भांडणं मिटवायची, पावसाळ्यानंतर परत बघायला जायचं, हे सगळं कोण करणार?

आणि माणसाचं. गावात शेतीचा म्हणून जो सरकारी माणूस येतो तो कृषी सहायक (आता पदनाम बदललंय, पण गावात अजून कृषी सहायकच म्हणतात). एकाकडे तीन-चार गावं, काही ठिकाणी जास्त. तो राज्याच्या कृषी विभागाचा, वर मंडळ कृषी अधिकारी, मग तालुका कृषी अधिकारी. तिकडे पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी वेगळा, तो जिल्हा परिषदेचा. म्हणजे एका तालुक्यात शेतीची दोन ऑफिसं, दोन साहेब, दोन प्रकारच्या योजना, आणि यातल्या कुणालाही ग्रामसभेने विचारलं की बाबा मागच्या वर्षी आमच्या शिवारात काय केलंस, तर उत्तर देण्याची खरी बांधिलकी नाही. वरून टार्गेट येतं, इतके हेक्टर प्रात्यक्षिक, इतके अर्ज, इतके फोटो अपलोड, ते पूर्ण करण्यात तो माणूस पिचून जातो. मी कृषी सहायकांना दोष देत नाही, त्यातले कितीतरी जण पदरचं पेट्रोल घालून फिरतात. पण ज्याच्या कामाचा हिशोब गाव मागू शकत नाही त्याच्या भरवशावर गावाचं शेती नियोजन होणार नाही.

जिल्हा परिषदेकडे शेतीसाठी काय उरलंय ते बघितलं तर वाईट वाटतं. सेस फंडातून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून) ताडपत्री, फवारणी पंप, कडबाकुट्टी, पाइप, अर्ज करा आणि यादीत नाव येण्याची वाट बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांसाठी विहिरीच्या दोन योजना आहेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती, त्या खरंच कामाच्या आहेत, त्यातून ज्यांच्या विहिरी झाल्या त्यांचं घर उभं राहिलेलं मी बघितलंय. पण बाकी सगळं वस्तूवाटप. ताडपत्री वाईट नाही हो, पावसात भिजणारं सोयाबीन झाकायला तीच लागते, पण ताडपत्री वाटणं म्हणजे शेतीचं नियोजन नव्हे. आणि 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत राहिले, म्हणजे जिथं निवडून आलेली कृषी समिती बसून निदान भांडली असती तिथं ते भांडणही बंद पडलं.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो, तो म्हणजे पाणी. आमच्यासारख्या कोरडवाहू भागात गावचं शेतीचं नियोजन म्हणजे नव्वद टक्के पाण्याचं नियोजन, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. आणि पाण्याचा हिशोब गावाच्या पातळीवरच होऊ शकतो. मंत्रालयातून नाही होत, आणि एकट्या शेतकऱ्याच्या बांधावर तर अजिबात नाही होत, कारण जमिनीखालचं पाणी सातबारा बघून थांबत नाही.

हिशोब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10 हजार लिटर पाणी होतं. पाण्याच्या नियोजनासाठी गाजलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं क्षेत्र साधारण 977 हेक्टर. तिथं 400 मिलिमीटर पाऊस झाला तर जवळपास 390 कोटी लिटर पाणी आभाळातून आलं. त्यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं, काही खाली मुरतं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात रब्बीला काय आणि किती बसतं ते बघायचं. हिवरे बाजार हेच करतं, दरवर्षी, पावसाळा संपला की ग्रामसभेत. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले, त्यानंतर तिथं माथा ते पायथा मृदसंधारण झालं हे सगळ्यांना माहितीय, शाळेच्या सहली जाऊन आल्यात. पण माझ्या मते त्या गावाचं खरं काम बंधारे नाहीत, बंधारे तर हजारो गावांत झाले. खरं काम म्हणजे तिथल्या ग्रामसभेने घातलेले नियम. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. पाऊस कमी झाला तर रब्बीचा पेरा कमी करायचा. म्हणजे गावाने स्वतःला नाही म्हटलं.

आता याच्या शेजारी सरकारचं पाणी अडवायचं जलयुक्त शिवार अभियान ठेवून बघा. 2014 च्या डिसेंबरात सुरू झालं, दरवर्षी 5 हजार गावं टंचाईमुक्त करायची असं उद्दिष्ट. मी त्या अभियानाला नावं ठेवणाऱ्यातला नाही, आमच्या ओढ्याचं खोलीकरण त्यातच झालं आणि पहिली दोन वर्षं काठच्या विहिरींना फरक पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण 2020 मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल विधिमंडळात आला, त्यात साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात आणि गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात अभियानाचा परिणाम फारसा दिसला नाही असं म्हटलं गेलं, त्यावर मोठं राजकारण झालं, चौकशा झाल्या. त्या गदारोळात मूळ गोष्ट हरवली. ती अशी की योजनेच्या कागदावर पाण्याचा ताळेबंद होता, गावाने तो ग्रामसभेत मांडायचा होता. आमच्याकडे तो ताळेबंद भरला गेला पण कुणाला वाचून दाखवला गेला नाही. पाणी अडलं, विहिरीला आलं, आणि आलेल्या पाण्यावर लोकांनी लगेच जास्त पाण्याची पिकं घेतली, जोडीला नवीन बोअर पाडले. आवक वाढवायचं काम सरकारच्या मशिनने केलं, जावक ठरवायचं काम गावाचं होतं, ते कुणीच केलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात ओढ्याकाठची विहीर परत कोरडी.

शेततळ्याचं तर यापेक्षा वाईट. शेततळं म्हणजे पावसाचं वाहतं पाणी साठवायचं आणि खंड पडला की पिकाला एक-दोन संरक्षित पाणी द्यायचं. 'मागेल त्याला शेततळे' 2016 ला आलं ते याच हेतूने. प्रत्यक्षात काय झालं ते राज्यातल्या कुठल्याही फळबागांच्या पट्ट्यात जाऊन बघा, प्लास्टिक अंथरलेली तळी बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात उन्हात ठेवलं, त्यातलं काही उडून गेलं, आणि शेजाऱ्याची विहीर दिवाळीलाच तळाला गेली. ज्याने तळं भरलं त्याला मी चोर म्हणणार नाही, त्याची बाग जगवायचीय, कर्ज डोक्यावर आहे. पण एकेका शेतकऱ्याला शहाणपणाची वाटणारी गोष्ट अख्ख्या गावाला खड्ड्यात घालते तेव्हाच तर पंचायत नावाची गोष्ट लागते ना? रोजगार हमीतल्या सिंचन विहिरींचं तेच. अनुदान 2022 मध्ये 4 लाखांपर्यंत वाढवलं, चांगलं केलं, गरिबाला विहीर मिळावीच. पण गावच्या शिवारात आधीच किती विहिरी आहेत, त्यांना मार्चमध्ये किती पाणी असतं, अजून किती विहिरी या शिवाराला झेपतील, हा प्रश्न यादी मंजूर करताना कुणी विचारत नाही. वीस नवीन विहिरी म्हणजे वीस नवीन झरे असं आपण समजतो, असतात त्या एकाच माठात घातलेल्या वीस नळ्या.

कायदा यासाठीही आहे बरं. राज्याचा 2009 चा भूजल अधिनियम, 2014 पासून लागू. अधिसूचित क्षेत्रात पाणलोटाची समिती, पीक आराखडा, 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी. आमच्या तालुक्यात पाचशे-सहाशे फुटांचे बोअर भर दिवसा पडतात, रिगच्या गाड्या हायवेला लाइनीत उभ्या असतात. वरून केलेला नियम गावात पाळला जात नाही, कारण पाळायला लावणारा कुणी नाही आणि गावाला तो आपला वाटत नाही. हिवरे बाजारात बोअरबंदी पाळली जाते ती ग्रामसभेने केली म्हणून. फरक एवढाच आहे, पण तोच सगळा फरक आहे.

पाण्यावरून आता रस्त्यावर येतो, कारण गावात कुणालाही विचारा शेतीसाठी पंचायतीने एक गोष्ट करावी ती कोणती, तर दहातली सहा माणसं शेतरस्ता म्हणतील. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, जे काय म्हणत असाल ते. मी एकदा ऐन पावसात आमच्या खालच्या वावरातून सोयाबीनची पोती डोक्यावर काढलीत, दीड किलोमीटर, गुडघाभर चिखल, कारण ट्रॅक्टर आत येऊ शकत नव्हता आणि मळणी होऊन दोन दिवस माल तिथंच पडला असता तर उगवून आला असता. हार्वेस्टर येत नाही, खताची गाडी येत नाही, दूधवाला येत नाही, वावरात साप चावला तर माणूस बाजेवर घालून आणावा लागतो. नकाशावर पाणंद आहे, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी नांगर आत सरकत सरकत तिची पायवाट झालीय. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आली, काही गावांत त्यातून खरंच सुंदर कामं झाली, आणि तिथं मालाला भाव तोच असला तरी शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसे राहतात कारण वाहतूक आणि मजुरी वाचते. पण ही योजना सुद्धा तिथंच चालली जिथं गावाने बसून अतिक्रमणं काढली, भावकीत समझोते केले. जिथं गाव बसलं नाही तिथं मंजुरी येऊन पडून राहिली. आमचा रस्ता दुसऱ्या प्रकारात मोडतो, सध्या तरी.

इथं एक आक्षेप येतो आणि तो फार जड आहे, त्याला उडवून लावता येणार नाही. आमचे एक शेजारी प्रत्येक वेळी म्हणतात, "तुमची ग्रामपंचायत भाव ठरवणारे का? मग कशाला डोकं लावता?" खरंय त्यांचं. कांद्यावर 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती 2024 च्या मे महिन्यापर्यंत. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याने कितीही चांगलं नियोजन केलं असतं तरी दिल्लीतल्या एका नोटिफिकेशनने ते पुसलं गेलं. सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये होता, आणि त्या हंगामात आमच्या आडतीवर तेवढा भाव फार थोड्यांनी बघितला. गावचा आराखडा यातलं काहीही बदलू शकत नाही आणि जे पुढारी म्हणतात की गावाने नियोजन केलं की शेतकरी सुखी होईल ते भावाच्या प्रश्नावरून लक्ष काढून घेतायत, हे मी स्पष्ट म्हणतो.

पण म्हणून गावच्या हातात काहीच नाही असं नाही होत. शेतकऱ्याच्या पदरात काय उरतं ते दोन बाजूंनी ठरतं, विकल्यावर आलेले पैसे आणि त्याआधी गेलेले पैसे. आलेले पैसे बाजार आणि दिल्ली ठरवते. गेलेल्या पैशातला मोठा भाग गावात ठरतो. बोअरला पाणी लागलं नाही म्हणून परत दुसरा, तिसरा बोअर, एकेकाला लाखाच्या घरात खर्च. रस्ता नाही म्हणून डोक्यावर वाहतूक. माती वाहून गेली म्हणून खत जास्त. विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की आठ-पंधरा दिवस पिकाला पाणी नाही, आणि दुरुस्तीला वर्गणी. यातल्या बऱ्याच गोष्टी सामाईक आहेत, एकट्याने सुटत नाहीत, आणि भाव मिळो न मिळो त्या सुटल्या तर फायदा नक्की आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापुरात जो पूर आला त्यात हे फार क्रूरपणे दिसलं. धाराशिव, बीड, जालना, सोलापूरकडे वावरंच्या वावरं खरडून गेली, मातीच गेली, खाली मुरूम उघडा पडला. सरकारने पॅकेज जाहीर केलं, खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि वर रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत काम. आता हे रोजगार हमीचं काम कुणाच्या कागदातून येणार? ग्रामपंचायतीच्या. गाळ कुठून आणायचा, आधी कुणाच्या वावरात टाकायचा, ओढ्याची वाट सरळ करायची की बाजूला बांध घालायचा, हे सगळं गावालाच ठरवावं लागतं. ज्या गावाला कधी असं बसून ठरवायची सवयच नाही त्या गावात जाहीर झालेली मदत सुद्धा बांधापर्यंत पोहोचायला दम लागतो.

दुसरा आक्षेप मला जास्त सतावतो. गावाच्या हातात सगळं दिलं तर गाव म्हणजे कोण? ज्याचे पन्नास एकर आहेत तो, ज्याच्या घरात सरपंचपद आहे तो. शिवारफेरी निघते ती बागायती पट्ट्यातून, माळावरच्या कोरडवाहू तुकड्यांकडे जायला उशीर झालेला असतो. अर्धली-बटईने करणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. आणि बायका. आमच्याकडे खुरपणी, वेचणी, काढणी, जनावरं, अर्ध्याहून जास्त शेती बायकांच्या हातावर चालते आणि सातबारावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, त्यामुळे लाभार्थी यादीत त्या नाहीतच. एका महिला ग्रामसभेत एका काकूंनी मागणी केली होती की वावरात कामाला जाणाऱ्या बायांसाठी ओढ्यावर साकव करा, पावसाळ्यात दोनदा बाया वाहून जाता जाता वाचल्यात. ते काम आराखड्यात आलं नाही. त्याच वर्षी हायमास्ट आला. त्या काकू पुन्हा सभेला आल्या नाहीत, आणि मला त्यांना या म्हणायला तोंड राहिलं नाही.

तरी माझं म्हणणं असं की वरच्या पातळीवर ठरवल्याने हा अन्याय कमी होत नाही, फक्त दिसायचा बंद होतो. सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन अर्जात लहान-मोठा शेतकरी सारखा दिसतो, पण आधी स्वतःच्या पैशाने ट्रॅक्टरचं अवजार घ्या, बिल अपलोड करा, मग अनुदान येईल, अशी पद्धत असली की आधी पैसे कुणाकडे असतात ते सांगायला नको. निदान ग्रामसभेत त्या काकूंनी तोंडावर विचारलं तरी होतं. पोर्टलला कोण विचारणार?

केरळचं उदाहरण इथं द्यावंसं वाटतं, कारण तिथं हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. 1996 मध्ये तिथल्या सरकारने लोकनियोजन मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के पैसा स्थानिक संस्थांना देऊन टाकला. मुख्य म्हणजे नुसता पैसा दिला नाही, माणसंही दिली, पंचायत पातळीवरचं कृषी भवन आणि तिथला कृषी अधिकारी पंचायतीसोबत काम करायला लागला. सगळं आदर्श झालं असं नाही, तिथंही पुढे शेतीचा बराचसा पैसा बी-खताच्या छोट्या छोट्या अनुदानांत वाटला गेला अशी टीका झालीच. म्हणजे यादीचा रोग तिथंही लागला. पण पडीक भातखाचरं परत लागवडीखाली आणायची कामं कितीतरी पंचायतींनी मनावर घेऊन केली, कारण त्यांच्याकडे ते करायला पैसा, माणूस आणि अधिकार तिन्ही एकत्र होते. आपल्याकडे पैसा ग्रामपंचायतीत, माणूस तालुक्याला आणि अधिकार मुंबईला.

आपल्याकडेही प्रयत्न झालेत, नाकारत नाही. 2018 पासूनचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे पोकरा म्हणतात, जागतिक बँकेच्या कर्जातून 15 जिल्ह्यांतल्या 5 हजारांहून जास्त गावांत राबवला. त्यात गावाची समिती होती, सूक्ष्म नियोजन होतं, पाण्याचा ताळेबंद काढायला शास्त्रीय पद्धत होती. अटल भूजल योजनेतही राज्यातल्या 13 जिल्ह्यांत गावोगाव जलसुरक्षा आराखडे झाले, पर्जन्यमापक बसले. मी अशा दोन-तीन गावांत जाऊन आलो. जिथं कुणी चांगला माणूस होता, सरपंच असो की बचत गटाची बाई असो की एखादा तळमळीचा कृषी सहायक, तिथं भिंतीवर गावाच्या पाण्याचा हिशोब रंगवलेला होता आणि लोकांना तो तोंडपाठ होता. बाकी ठिकाणी ठिबक, शेडनेट, मोटार, पाइप या वैयक्तिक गोष्टींवर उड्या पडल्या, आणि सगळ्यांच्या मालकीची नाल्यावरची, माळावरची कामं मागे राहिली. प्रकल्प येतो, मुदत संपते, प्रकल्पाचा पोरगा दुसऱ्या नोकरीला जातो, आणि समितीचं रजिस्टर ग्रामपंचायतीच्या कपाटात जातं.

मग काय करावं? मी तज्ज्ञ नाही, पण इतकी वर्षं सभेला बसून जे वाटतं ते लिहितो. शेती आराखड्याची सभा 2 ऑक्टोबरला घेणं बंद करा, ती 1 मे च्या ग्रामसभेत घ्या. तेव्हा रानं मोकळी असतात, विहिरींचा तळ दिसत असतो, कुणाच्या वावरातून माती गेली ते डोळ्यांना दिसतं, आणि माणसांकडे वेळ असतो. लग्नसराई असते, असू द्या, लग्नात जमलेला माणूस सभेलाही येईल. पाण्याचा हिशोब मात्र पावसाळा संपल्यावर वेगळा, दिवाळीच्या आत, संध्याकाळी, पाराखाली. अबंधित निधीपैकी अर्धे पैसे माती, पाणी, शेतरस्ते आणि सामाईक अवजारं यांनाच लागतील असा ठराव करावा, आणि वैयक्तिक वाटप त्यातून अजिबात नको. आणि कृषी सहायकाने वर्षातून दोनदा ग्रामसभेसमोर उभं राहून शिवारात काय झालं ते सांगावं, त्याच्या गोपनीय अहवालात गावाचं मत धरावं. याला सगळ्यात जास्त विरोध होईल हे मला माहीत आहे.

आणि मोजणी. पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजला जातो, आमच्या गावापासून ते केंद्र दहा-बारा किलोमीटरवर. तिकडे ढगफुटी आणि इकडे कोरडं, किंवा उलटं, असं दरवर्षी होतं, पीकविम्याच्या वेळी भांडणं होतात. गावाकडे स्वतःचा पावसाचा आकडाच नाही, विहिरींच्या पातळीचा आकडा नाही, मग नियोजन कशाचं करणार?

म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही चार जणांनी दोरीला दगड बांधून गावच्या विहिरी मोजायला सुरुवात केली. 41 विहिरी झाल्या. काही जणांनी मोजू दिल्या नाहीत, त्यांना वाटलं आम्ही सरकारला कळवणार आणि मोटारी बंद होणार. आकडे शाळेच्या भिंतीवर लिहिले, विहिरीच्या मालकाचं नाव न टाकता, फक्त गट नंबर आणि किती हात पाणी. मार्चमध्ये परत मोजल्या आणि शेजारच्या रकान्यात लिहिल्या. तेव्हापासून भिंतीपुढे माणसं थांबतात, बोट लावून आपला गट शोधतात, शेजाऱ्याचाही बघतात. परवा एकाने विचारलं, वरच्या आळीतल्या तीन विहिरी एवढ्या लवकर कशा खाली गेल्या. कुणी उत्तर दिलं नाही, कारण त्यांच्या मधोमध कुणाचं शेततळं आहे ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो प्रश्न आम्ही 1 मे च्या सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी दिलाय, पोच घेतलीय.